चौदाशे आठ वाघमुऱ्या

एकोणीसशे एकोणऐंशीच्या एप्रिलची बारा तारीख. आवळघरच्या ओढ्यातल्या कोंडीत, म्हणजे डोहात, सकाळी नऊ ते साडेअकरा या वेळात पदूने हातजाळीने शहाण्णव वाघमुऱ्या धरल्या, बोटाएवढे पट्टेरी मासे. सगळ्यांत लांब मुरी सात सेंटिमीटरची, सगळ्यांत आखूड साडेतीनची. पाण्याचं तापमान सव्वीस अंश. प्रत्येकीच्या शेपटीच्या वरच्या टोकाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा त्याने बारीक कात्रीने कापला आणि तिला पुन्हा पाण्यात सोडलं. दहा दिवसांनी, बावीस तारखेला, तो परत उतरला. आदल्या दिवशी म्हशी लोळून गेल्यामुळे जवळचा काठ गढूळ होता, म्हणून या खेपेला त्याने पलीकडच्या खडकाच्या बाजूने जाळी लावली. अठ्ठ्याऐंशी सापडल्या. त्यांत शेपटी कापलेल्या सहा.

हिशेब सोपा होता. खूण केलेल्या मुऱ्या सगळ्यांत मिसळून गेल्या असतील, तर अठ्ठ्याऐंशींत सहा म्हणजे साधारण पंधरात एक. खुणेच्या शहाण्णव, तर एकूण किती? पदूने वहीत गुणाकार केला, भागाकार केला, उत्तराखाली दोन रेघा मारल्या. चौदाशे आठ.

पद्माकर हे त्याचं शाळेतलं नाव. गावात तो पदूच. आवळघर हे कशेळ्यापासून पाऊण तासाच्या चालीवर, डोंगराच्या पायथ्याशी असलेलं साठ-सत्तर उंबऱ्यांचं भातशेतीचं गाव. तिथला तो पहिला बी.एस्सी., प्राणिशास्त्र घेतलेला. नोकरीचे अर्ज धाडून झाले होते, उत्तरं यायची होती. कल्याणला कॉलेजातले सर म्हणाले होते, तुझ्या गावच्या ओढ्यातल्या माशांवर चार पानं लिहून आण, पुढच्या प्रवेशाला उपयोग होईल. म्हणून ही मोजणी.

ओढा होळीपासून आटायला लागतो. मेच्या सुरुवातीला त्यात नुसते गोटे उरतात, आणि अख्ख्या ओढ्यातला मासा या एका कोंडीत गोळा होतो. गावकरी तिला बियाण्याची कोंड म्हणतात. शिमगा झाला की भाताची खाचरं पाण्याने भरेपर्यंत तिथे कुणी मासा मारायचा नाही, हा गावचा नियम. कणगीतलं बियाणं जसं कुणी कांडून खात नाही, तसं. पावसात वलगण चढते, म्हणजे मासा ओढ्याने वर शेताशेतांत अंडी घालायला जातो, तेव्हा मग ज्याने त्याने हवं तेवढं धरावं. पण उन्हाळ्यात नाही. त्यावर राखणदार असे. खळ्यावर घरटी पायलीभर भात त्याला मिळायचं, आणि त्याच्या हातात गावची घुंगराची काठी असायची. गेली बावीस वर्षं ती काठी नागूकाकाकडे होती.

मोजणीच्या दोन्ही दिवशी नागूकाका काठावर बसून होता. पदूने आकडा सांगितला तेव्हा त्याने विडी कानावरून काढून पुन्हा कानावरच ठेवली.

"चौदाशे? लई झाल्या रं."

"शास्त्र आहे काका. मोजून काढलंय."

"आमी आपले बगून सांगतो. चारशे, साडेचारशे असतील."

"बघून सांगण्यात आणि मोजण्यात फरक असतो."

"असंल बाबा. तू शिकलेला," नागूकाका म्हणाला आणि हसला. त्या हसण्यात कौतुक होतं. पदू दोन वर्षांचा असताना याच माणसाने त्याला खांद्यावर बसवून पुरातून पलीकडे नेलं होतं.

त्याच आठवड्यात पदू तीन वाघमुऱ्या काचेच्या बरणीत घालून सरांना दाखवायला निघाला. कशेळ्याच्या नाक्यावर एसटीची वाट बघत उभा असताना एका टेंपोवाल्याने खाली उतरून बरणीला डोळा लावला. पिवळ्या अंगावर काळे पट्टे, ओठांना मिशा. तो माणूस बराच वेळ वाकून राहिला.

"साहेब, हे कुठं मिळतं?"

पदूला कुणी साहेब म्हणण्याची ती पहिलीच वेळ. माणसाचं नाव पोपट. मुंबईतल्या शोभेच्या माशांच्या दुकानांना तो माल पुरवायचा, आणि हायवेला कुंभिवलीत, टायरच्या दुकानामागे, त्याची टाक्यांची शेड होती. त्याने किंमत विचारली नाही. पदू काय शिकला, काय लिहितो, हेच विचारलं. आणि म्हणाला, "माझ्याकडं एक सूक्ष्मदर्शक पडलाय. एका कॉलेजानं मोडीत काढलेला. मला काय उपयोग त्याचा? तुमच्यासारख्याकडं असावा."

पदूने वर्षभर ज्याचं स्वप्न पाहिलं, ती वस्तू दोन दिवसांनी पितळी नळीसकट त्याच्या घरी आली. त्याच दिवशी पोपटने विचारलं, "चारशे मिळतील का? जास्त नको."

पदू लगेच हो म्हणाला नाही, हे खरं. त्याने वही उघडली. चौदाशे आठातून चारशे गेल्या तरी हजारावर उरतात. जाणाऱ्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. एका पावसात भरून निघेल. त्याने हा हिशेब दोनदा केला आणि दोन्ही वेळा उत्तर तेच आलं. मग तो नागूकाकाकडे गेला.

"शिमगा होऊन गेला रं पदू. आता कोंडीत हात नाय घालायचा."

"नियम काय आहे काका? मासा मारायचा नाही. हे मारणार कुठे आहेत? जिवंत नेणार. काचेच्या पेटीत ठेवणार. आपल्यापेक्षा चांगलं खाणं मिळेल त्यांना."

नागूकाका पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. नियम कुणी कधी लिहिला नव्हता, त्यामुळे त्यात जिवंत नेण्याबद्दल काहीच नव्हतं. गावात आजवर जिवंत मासा नेऊन कुणी करणार तरी काय होतं?

"गावाला इचारू?"

"विचारून काय होणार? बुधाजीमामांना चौदाशे म्हणजे काय ते समजवता समजवता पाऊस येईल."

हे वाक्य पदूला पुढे फार दिवस आठवत राहिलं. नागूकाकाने पुढे अडवलं नाही.

तीस एप्रिलला गावातली बहुतेक माणसं शेलूला एका लग्नाला गेली होती. पोपट दोन माणसं, बारीक जाळी, प्लास्टिकच्या पिशव्या आणि प्राणवायूचं नळकांडं घेऊन आला. माणसं तरबेज होती. एक जण दगड उचलायचा, दुसरा खाली जाळी सरकवायचा. पदू काठावर वही घेऊन मोजायला बसला.

"एक," तो म्हणाला.

"लाभ म्हण रं," मागून नागूकाका पुटपुटला. "बियाणं मोजताना पयल्याला एक नाय म्हणत. लाभ, दोन, तीन, असं."

"काका, आता पुरे."

पहिल्या तीनशे सकाळी अकरा ते दुपारी एकच्या आत सापडल्या. पुढच्या पन्नासांना तास लागला. शेवटच्या पन्नासांना दोन तास. माणसं तेच तेच दगड तिसऱ्यांदा उलटत होती. पदूने या सगळ्या वेळा वहीत नीट टिपल्या. टिपल्या, पण वाचल्या नाहीत. पोपटने वाटेत मरतील म्हणून सव्वीस जास्त घेतल्या. पाच वाजून चाळीस मिनिटांनी चारशे सव्वीस वाघमुऱ्या टेंपोत चढल्या.

पाच-सहा दिवसांत बायकांच्या लक्षात आलं. कोंडीच्या वरच्या अंगाला पिण्याचं पाणी भरायचा झरा होता. हंडा बुडवताना पायाला मुऱ्या गुदगुल्या करायच्या, त्या आता करत नव्हत्या. दगडांवर हिरवं शेवाळ चढू लागलं. गोदूबाई म्हणून पदूची चुलत आजी होती, तिने हंडा खाली ठेवून सरळ नागूकाकाला विचारलं, "नागू, मासं कुठं गेलं रं?"

नागूकाका काही बोलला नाही. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच राखणदार गप्प बसला म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी गावदेवीच्या देवळापुढे गाव जमलं.

गावचा म्होरक्या बुधाजीमामा मध्ये बसला होता. वय सत्तर, आवाज अजून खणखणीत.

"नागू, तू राखण हायस. सांग."

"माज्या राखणीत गेलं. माजं चुकलं."

"खाल्लंस?"

"नाय."

"इकलंस?"

"नाय."

"मग काय पंख फुटलं त्येंना?" कुणीतरी मागून म्हणालं आणि चार जण हसले. नागूकाकाने मान वर केली नाही. त्याने पदूकडेही पाहिलं नाही. पदू देवळाच्या पायरीपाशी उभा होता आणि पायरीच्या दगडातले पांढरे ठिपके बघत होता.

बुधाजीमामा त्याच्याकडे वळला. "पदू, तू यातलं शिकलायस. आपसूक मरतो का रं मासा?"

सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे फिरली. पदूने घसा साफ केला.

"उन्हाळ्यात पाणी तापतं," तो म्हणाला. "तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. त्याने मासे मरू शकतात."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते. माणसांनी माना डोलावल्या, शिकलेल्या पोराने सांगितलं म्हणून. आणि पदूच्या कानाच्या पाळ्या अशा तापल्या की कुणी हात लावला असता तर कळलं असतं.

"मेले म्हणावं तर एक बी तरंगताना दिसला नाय," बुधाजीमामा सावकाश म्हणाला. "आन् दिसला असंल तर राखणदारानं गावाला सांगाया हवं. काय झालं ते नागू जाणं आन् देवी जाणं. पन काठी त्याच्याकडं नाय ठेवायची."

नागूकाकाने काठी स्वतःच पुढे केली. बुधाजीमामाने घेतली तेव्हा घुंगरं वाजली.

पदू रात्रभर तळमळला असं काही नाही. त्याला झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर याचीच त्याला जास्त लाज वाटली. चूळ भरून तो कोंडीवर गेला. हजार मुऱ्या आहेत, एवढं एकदा डोळ्यांनी बघितलं की झालं, असं त्याच्या मनात होतं. मग तो बुधाजीमामाला म्हणू शकला असता, बघा, काही बिघडलेलं नाही, काठी परत द्या.

या खेपेला त्याने हिशेब लावला नाही. एकेक दगड उचलला. जवळच्या काठापासून पलीकडच्या खडकापर्यंत दोरी बांधून कोंडीचे पट्टे पाडले आणि कमरेएवढ्या पाण्यात सात तास उभा राहून मोजल्या. एकतीस.

जवळच्या काठाला सतरा, त्यातल्या नऊ कापल्या शेपटीच्या. पलीकडच्या बाजूला चौदा, त्यांत कापलेली एकही नाही.

तो ओल्या चड्डीनेच नागूकाकाच्या ओट्यावर जाऊन बसला. नागूकाका टोपलीचा काठ विणत होता. आत त्याची बायको जनी भाकऱ्या थापत होती.

"काका, मुरी एका काठावरून दुसऱ्या काठाला जाते का?"

"पाणी वाहत असलं तर जाईल. कोंडीत कशापायी जाईल? मुरी आपला दगड सोडत नाय. त्याच दगडाखाली बसती, त्याच दगडाभवती खाती. दुसरी आली तर टोचून पळवती."

पदूने ओट्याच्या धुळीत बोटाने दोन काठ काढले. त्याने खूण केली ती एका काठाला, आणि शोधली ती दुसऱ्या काठाला. मिसळल्याच नव्हत्या. सहा सापडल्या त्याही बहुधा मधल्या दगडांवरच्या. भागाकार बरोबर होता, फक्त ज्या गोष्टीवर तो उभा होता तीच नव्हती.

"तुम्ही हे सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कुठं?"

हे नागूकाका रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो टोपलीकडे बघत, कुणी वाट विचारल्यावर सांगावं तसं म्हणाला.

"एकतीस उरल्यात काका. तुमचं खरं होतं. साडेचारशेच होत्या."

आतला भाकरीचा आवाज थांबला. जनीकाकी पिठाच्या हातांनी दारात आली.

"म्हंजे? तू दिल्यास? त्या टेंपोवाल्याला?" तिने नवऱ्याकडे बघितलं, मग पदूकडे. "आन् देवळापुढं ऊन तापलं, पानी तापलं म्हनून सांगत हुतास व्हय रं? आता बघ तापलेलं कसं असतं ते! ह्याच पावली जाते बुधाजीकडं..."

"जने, गप."

"का गप? बाया पान्यावर माज्याशी बोलत नायत. चोरट्याची बायको म्हनत्यात."

"गप म्हनलं ना. बोलायचं तर त्यो बोलंल. आपुन कशाला?"

जनीकाकी दारातच उभी राहिली. पदूला वाटलं, हिने आता चार शिव्या हासडाव्यात. तिने फक्त हातावरचं पीठ चोळून चोळून काढलं आणि म्हणाली, "बस जेवायला. सकाळपासनं पाण्यात हायस." तो बसला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो सूक्ष्मदर्शक गोणपाटात गुंडाळून निघाला. कशेळ्याहून कर्जत, कर्जतहून खोपोली, तिथून कुंभिवली. पोपटची शेड सापडायला वेळ लागला नाही. टायर जळल्याचा वास, आणि मागे ओळीने वीस-बावीस टाक्या.

"या साहेब," पोपट म्हणाला. "तुमच्या मुरीनं मला पार बुडवलं बघा."

"म्हणजे?"

"गिऱ्हाइकाला मासा दिसला पाहिजे. हे लेकाचं दिवसभर दगडाखाली बसतंय. दगड काढला तर कोपऱ्यात अंग चोरून राहतंय. दुकानदार म्हणतात, रिकामी टाकी विकायची का आम्ही?" पोपट चोख माणूस होता. त्याने सगळा आकडा सांगितला. वाटेत आणि टाकीत एकाहत्तर मेल्या. दोनशे अठ्ठ्याण्णव मुंबईला गेल्या, त्यांतल्या किती जगल्या ते त्याला ठाऊक नव्हतं. सत्तावन्न उरल्या होत्या.

पदूने गोणपाट सोडून सूक्ष्मदर्शक टेबलावर ठेवला. "हा घ्या. त्या सत्तावन्न मला द्या."

पोपट त्याच्याकडे बघत राहिला. "काय करणार?"

"नेऊन सोडणार."

"वेडे आहात साहेब. तुमच्याच हातानं मोजून दिल्या होत्या की!" तो हसला, पण त्याने दुधाचा एक कॅन शोधून दिला, पाणी भरून दिलं, आणि झाकणाला खिळ्याने भोकंही पाडून दिली. वाईट माणूस तो नव्हताच. पदूला त्याला वाईट म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं.

एसटीत पदू कॅन गुडघ्यांत धरून बसला. दर पाच मिनिटांनी पेल्याने पाणी काढून उंचावरून परत ओतायचा, म्हणजे त्यात हवा मिसळते. कंडक्टरने वाकून पाहिलं.

"दूध नासलं काय हो? ढवळताय सारखं."

"मासे आहेत."

"जिवंत?"

"आत्तापर्यंत."

"मग त्यांचं अर्धं तिकीट लागेल," कंडक्टर म्हणाला, आणि पुढच्या बाकावरच्या बाया खो-खो हसल्या.

कर्जतला गाडी चुकली. कशेळ्याला उतरला तेव्हा सव्वा वाजला होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. एका झाडाखाली त्याने झाकण काढलं. आठ मुऱ्या पोट वर करून होत्या. बाकीच्या एकसारख्या वर येऊन तोंडाने हवा गिळत होत्या. पदूने घड्याळ लावून मोजलं. एका मिनिटात सदतीस वेळा.

गावात शिरायला दोन वाटा होत्या. सरळ वाट देवळावरून जायची, आणि या वेळी देवळाच्या सावलीत अर्धं गाव पडलेलं असायचं. दुसरी वाट रानातून वळसा घालून कोंडीच्या मागून उतरायची. तिला दीड तास लागायचा आणि वाटेत माणूस भेटायचं नाही. तिसराही मार्ग होता. इथेच सावलीत थांबायचं, अंधार पडल्यावर जायचं, सोडायच्या आणि घरी जाऊन जेवायचं. पुढे पाऊस आला की कुणी म्हणालं असतं, देवीने मासा परत दिला.

त्याने पुन्हा एक मिनिट मोजलं. त्रेचाळीस.

कॅन खांद्यावर घेऊन तो सरळ वाटेला लागला.

देवळापाशी बुधाजीमामा खांबाला टेकून पान कुटत होता. आणखी दहा-बारा माणसं होती, आणि कोपऱ्यावर गोदूबाई चार बायकांबरोबर चिंचा फोडत होती.

"पदू, काय रं ते? दूध कुठलं आणलंस?"

पुढे चालत राहूनही त्याला उत्तर देता आलं असतं. पण पाय थांबले. घाम डोळ्यांत जात होता.

"वाघमुऱ्या आहेत मामा. कोंडीतल्या." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "नागूकाकांनी नाही केलं. मी दिल्या. चारशे सव्वीस. कोंडीत चौदाशे आहेत असं मी काढलं होतं, ते चुकलं. साडेचारशेच होत्या. काकांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि त्या दिवशी इथे पाणी तापल्याचं बोललो, ते तुम्हाला चकवायला बोललो."

चिंचा फोडायचा आवाज बंद झाला. गोदूबाईने पदर तोंडाला लावला. त्याने तिच्याकडे बघितलं, तर तिने मान दुसरीकडे वळवली. ती त्याचीच माणूस होती, म्हणून ते जास्त लागलं.

बुधाजीमामाने खलबत्ता खाली ठेवला. "जित्या हायत?"

"काही आहेत."

"मग हितं भाषण काय देतोस? आदी पाण्यात सोड त्येंना."

सगळं गाव त्याच्या मागून कोंडीवर आलं. पदू कॅन घेऊन जवळच्या काठाला बसायला लागला, तसा मागून आवाज आला.

"तितं नको. पल्याड खडकाखाली पाझर हाय, तितं पाणी गार. आन् एकदम नको ओतू." नागूकाका गर्दीतून पुढे आला. त्याने कॅनचा एक कान धरला, पदूने दुसरा. दोघे पाण्यातून पलीकडे गेले. कॅनमध्ये थोडं थोडं कोंडीचं पाणी घालत अर्धा तास बसले. मग एकेक मुरी ओंजळीत घेऊन सोडली. चौदा मेलेल्या होत्या. त्रेचाळीस दगडांखाली गेल्या.

"काका," पदू म्हणाला. त्याचे हात अजून पाण्यातच होते.

"हात बाहेर काढ. पाणी ढवळतंय," नागूकाका म्हणाला.

संध्याकाळी गावाने ठरवलं. काठी नागूकाकाकडे परत. नियमात नवं कलम, मेलेला असो की जिवंत, शिमग्यानंतर कोंडीतला मासा गावाबाहेर जाणार नाही. आणि पदूने पेरणीपर्यंत, आणि पुढच्या सालीही शिमग्यापासून पेरणीपर्यंत, रोज राखणदाराबरोबर कोंडीवर बसायचं.

"आन् मोजायचं काय?" एकाने विचारलं.

"मोजू दे की," बुधाजीमामा म्हणाला. "पन नागूला इचारून."

शिक्षा एवढीच. पण गावाने स्वतःहून एक जास्तीची दिली. दुसऱ्या दिवसापासून पदूचं नाव पडलं चौदाशे. पाण्यावर बाया म्हणायच्या, "बाजूला व्हा गं, चौदाशे आलं." चावडीवर म्हातारे विचारायचे, "काय चौदाशे, नोकरी लागली का?" म्हैस किती दूध देते याचा वाद निघाला की कुणीतरी म्हणायचं, पदूला इचारा, तिनानं गुणून सांगंल. जनीकाकीने मात्र त्याला कधी त्या नावाने हाक मारली नाही. ती त्याला काहीच म्हणायची नाही. कोंडीवर नवऱ्याची भाकरी घेऊन यायची, दोन जणांची असायची, ठेवून निघून जायची.

सरांना द्यायची चार पानं पदूने परत लिहिली. पहिला आकडा त्याने खोडला नाही. चौदाशे आठ तसाच ठेवला, त्याच्यापुढे 'चूक' लिहिलं, आणि चूक कशी झाली ते दोन परिच्छेदांत लिहिलं. दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात होती: 'मुरी आपला दगड सोडत नाही, ही माहिती श्री. नागू यांना पूर्वीपासून होती.' वाचून आणखी कुणी टेंपो घेऊन यायला नको, म्हणून गावाचं आणि ओढ्याचं नाव त्याने लिहिलं नाही. सर म्हणाले, स्थळ नसेल तर टिपणाला किंमत नाही. पदूने पानं परत घेतली.

जुलैत त्याला खोपोलीच्या एका शाळेत विज्ञानशिक्षकाची जागा मिळाली. पुढच्या मार्चमध्ये शिमगा झाल्यावर तो रोज संध्याकाळच्या गाडीने परत येऊ लागला आणि अंधार पडेपर्यंत कोंडीवर बसू लागला. रविवारी दिवसभर बसायचा. नागूकाकाशी बोलणं व्हायचं ते माशांचं, पाण्याचं, विडीचं. त्या दिवसाबद्दल दोघांपैकी कुणीही कधी बोललं नाही. एकदाच, काही कारण नसताना, नागूकाका म्हणाला, "तुला तवा गावाला इचारू म्हनलं व्हतं. मीच जोर केला नाय." पदू पाण्याकडे बघत राहिला. त्याला या वाटणीतला एवढासाही हिस्सा नागूकाकाला द्यायचा नव्हता, आणि नाही म्हणायलाही तोंड नव्हतं.

एकोणीसशे ऐंशीच्या एप्रिलचा तिसरा रविवार. सकाळी सात ते दुपारी तीन. पाण्याचं तापमान पंचवीस अंश. दोन्ही काठ वेगळे धरून, प्रत्येक दगड एकदाच उचलून, शेपटी न कापता मोजणी केली. दगड नागूकाकाने दाखवायचा, आकडा पदूने लिहायचा. जवळचा काठ: मोठ्या एकवीस, दोन सेंटिमीटरच्या आतल्या लहान सतरा. पलीकडचा काठ: मोठ्या अडतीस, लहान तीस. एकूण एकशे सहा.